मध्यम, निषाद गैरहजर

इचलकरंजीत माग बसवायला आला होतास, ल्यांग.
आठ महिने राजारामपुरीत भाड्याने राहिलास,
तांबड्या रश्श्याने डोळ्यांत पाणी आलं की
ते रश्श्यामुळेच आहे असं म्हणायचास.
जाताना माझ्याकडे ठेवून गेलास
एक दांडा, दोन तारा, डबीएवढं पोट.
"मुलांना," एवढंच म्हणालास, मराठीत.

हेडसर म्हणाले, चायना माल न्हवं मॅडम, टिकतोय व्हय?
म्हटलं, सर, हजारेक वर्षं टिकलाय.
त्यांनी चष्मा पुसला.
पावती आहे का?

चौथी ब. पट त्रेचाळीस, हजर एकोणचाळीस.
चीन म्हणजे यांना गाडीवरचं मंच्युरियन,
हाफ प्लेट, जास्त तिखट.
वाद्याचं नाव सांगितलं, अर्हू,
तर मागच्या बाकावरून कुणीतरी
"बैल थांबवतात तसं!"
आणि वर्ग मग पाच मिनिटं बैलच थांबवत बसला.

गज दाखवला. दोन तारांच्या मध्ये अडकलेला,
बाहेर निघत नाही, निघायचा नसतोच.
तहसीन मुजावर उभी राहिली:
"आमच्या गाडीवर मी बसते तसं.
पुढं अब्बा, मागं अम्मी."
तू तीन आठवडे हातवारे करून
मला जे सांगत होतास ना,
ते हेच होतं का रे?

फळ्यावर लिहिलं, सा रे ग प ध.
"ही तर आपली सोमवारची प्रार्थना!"
हो, म्हटलं, आणि नाहीपण.
तिकडं याच पाचांना म्हणतात
गोंग, शांग, ज्युए, झ, यू.
झ-ला सगळे डास झाले.
मग मी हजेरीच घेतली:
षड्ज? हजर बाई. पंचम? हजर.
मध्यम?
गैरहजर!
निषाद?
गैरहजर!
"का ओ मॅडम, आजारी हायत?"
मला उत्तर येत नव्हतं.
म्हटलं, त्यांची जागा धरून ठेवायची.
गाताना तिथं पाय द्यायचा नाही.

सूर येतात यांना. थांबणं येत नाही.
तुझ्या त्या नावाड्याच्या चालीत
वल्हं उचललेलं असतं आणि पाणी नुसतं चालतं,
तेवढं गप्प बसायचं, बस.
तर समरजितची बोटं बाकावर हलगी धरतात,
त्याला वाटतं, कुस्ती ठरली आणि पैलवान आला नाही.

श्रावणात अर्हूचा आवाज बसला.
सर्दी झाल्यासारखा. खुंट्या पिळल्या, मेण लावलं,
उद्यमनगरात एका लेथवाल्याला दाखवलं,
तो म्हणाला, बेअरिंग कुठाय?
तेव्हा अवधूत सातपुते जवळ आला,
जो गाताना वर्षभर फक्त ओठ हलवतो,
ज्याच्या घरी दारात चपलांच्या वेण्या वळत बसतात.
अजगराच्या कातड्यावर त्याने अंगठा दाबला,
वास घेतला, नखाने एकदा टिचकी.
"ओल धरलीय. उन्हात नको, तडकंल.
अंगाची ऊब द्या."

मधली सुट्टीभर तो व्हरांड्यात बसून होता,
सदऱ्याच्या आत अर्हू,
गुंड्यांमधून दांडा बाहेर,
मांजराचं पिल्लू चोरून आणलेल्या पोरासारखा.
डबा खाल्ला नाही.

घंटेनंतर म्हटलं, आता तूच वाजव.
पडदे नाहीत याला, रेघा नाहीत,
बोट ठेवशील तिथं सूर.
त्याने ठेवलं.
गज ओढला, हळू, पाभर मोजत असल्यासारखा,
आणि गंधाराच्या पुढं, पंचमाच्या अलीकडं,
जिथं पाय द्यायचा नव्हता नेमका तिथं
एक लांब, थरथरता, घरचा आवाज.

वर्ग गप्प.
समरजितचीसुद्धा बोटं गप्प.
मग तहसीन, हळूच:
"मॅडम, मध्यम आला."

तुझ्या चालीत तो बसत नाही, ल्यांग,
मला माहीत आहे.
मी त्याची हजेरी मांडली.