बारा डोकी

लाप्पेनरांताच्या धक्क्यावर बारा डोकी मोजली.
मोजणं माझं काम, शिडं त्यांची.
पंधरा-सोळा वर्षांची पोरं:
ओत्सो, ज्याला सगळं आधीच माहीत असतं;
हिल्या, काळ्या पावाला लोणी लावताना शीळ घालणारी;
इल्पो, ज्याच्या बुटांत पाणी, खिशांतही पाणी;
आणि केर्त्तू, जी बोलत नाही.
बाकीचे आठ अजून झोपेत होते.

सायमा सरोवरात पाण्याइतकीच बेटं.
एक मागे टाकावं तर
त्याच्या आडून दुसरं डोकावतं,
आणि नकाशा भिजला
की त्यावर आणखी दोन उगवतात.

दुपारी वारा पडला.
शीड ओल्या गोधडीसारखं लोंबू लागलं.
ओत्सो म्हणाला, इंजिन लावा.
मी म्हणालो, इंजिन आजारी माणसांसाठी असतं.
(डिझेल भरायचं मी विसरलो होतो.)
मग वल्ही. दोन तास वल्ही.
तळहातांना फोड आले,
काहींनी शिव्या शिकवल्या, काही शिकले,
मला ऐकू येत नाही असं मी धरून चाललो.

हाउकीसारीला लागलो तेव्हा
पुढचा दोर बांधायची पाळी केर्त्तूची.
मी शिकवलं होतं: मासा डोहातून वर येतो,
झाडाला वळसा घालतो, पुन्हा डोहात बुडी.
तिचा मासा झाडाभोवती फिरतच राहिला.
पोरं हसली. फार नाही,
पण हसली.
तिने दोर सोडला, पुन्हा बांधायला घेतला,
तोवर बघायला कुणी उरलं नव्हतं,
सगळे सौनाकडे पळालेले.
मीसुद्धा.

जूनची रात्र इथे येतच नाही,
नुसती दारापर्यंत येऊन परत जाते.
दोन वाजता भुर्जांची पानं सळसळली.
वारा. आता आला होता, लेकाचा.
मी उठून तंबूंत डोकी मोजली.
अकरा.
दुसऱ्या टोकाकडून मोजली.
अकरा.

अनवाणी धावलो.
सौना रिकामी, दगड अजून कोमट.
पाण्याकडे बघायचं टाळलं,
मग बघितलं.

ती खडकावर बसली होती, खांद्यावर कांबळं,
पाइनच्या खोडापासून बोटीपर्यंत गेलेला दोर
मधेच दोन्ही मुठींत धरून.
"वारा सुटला," ती म्हणाली.
"माझी गाठ सुटली तर?"

वाकून गाठ पाहिली.
तीस वर्षांत मी बांधलेल्या कुठल्याच गाठीसारखी नव्हती.
मासा तीनदा फिरला होता,
स्वतःच्याच पोटाखालून गेला होता,
आणि असा आवळून बसला होता
की झाड उपटलं असतं, तो हलला नसता.

सांगणार होतो.
मग तिच्या मुठी पाहिल्या
आणि शेजारी बसून दोराचं मागचं टोक धरलं.
बोट वासरासारखी हिसके देत होती.
डासांनी आमचं काय ते ठरवून घेतलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
"डिझेल नव्हतं ना?"
"नव्हतं."
"काटा बघितला होता मी."
"मग बोलली का नाहीस?"
तिने खांदे उडवले.
"तुम्ही लपवत होता."

चार वाजता वारा बसला.
पाण्यावर एक पाणकोळी उगाच ओरडला.
आम्ही हात सोडले, एकेक बोट करून,
बोटांनी आधी ऐकलंच नाही.

निघताना दोर सोडायला ओत्सो गेला.
नखं लावली, दात लावले,
गाठीला एक नवी शिवी दिली,
शेवटी सुरी मागितली.
केर्त्तू कॉफी पीत होती.
तिने मान वर केली नाही,
फक्त पेला जरासा उंच धरला,
तोंड झाकेल इतका.

बारा, मी मोजली.
मग उगाच पुन्हा एकदा.