गाळणं

मिरजेच्या कॉलेजात, शवागाराच्या वरच्या मजल्यावर,
तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर
अजून आहे तो. बरणी क्रमांक एकशे सात.
परवा एका पोरानं विचारलं,
मॅडम, हा टाके घालायचा दोरा का?

माझी तेहतीस वर्षं त्या बरणीत मावतात.

नारू.
नुसतं नाव काढलं तरी जतकडची म्हातारी माणसं
अजून पाय वर घेऊन बसतात.
नाव पुरुषी, पण कातडी फोडून बाहेर येते ती मादीच,
लाखभर पिल्लं पोटात घेऊन, पाणी शोधत.

उमदीच्या अलीकडं एक पायविहीर होती, सत्तावीस पायऱ्यांची.
शेवटच्या चार कायम पाण्याखाली,
आणि त्यांवर उभं राहिल्याशिवाय घागर बुडायची नाही.
मी तिथं बसायचे, गुडघ्यावर वही,
बाटली उन्हासमोर धरून मोजायचे
एकाच डोळ्याचे, ठिपक्याएवढे, धक्के खात पोहणारे जीव.
एका लिटरात बेचाळीस. पुढच्यात साठ.
बायका म्हणायच्या,
बाई, पाण्यात काय हरवलंय तुमचं?

शिवलिंगव्वाच्या घोट्यावर फोड आला होता.
आग व्हायची म्हणून ती पाय पाण्यात सोडून बसायची.
एवढंच तर हवं असतं.
फोड फुटतो, पाणी किंचित दुधाळ होतं,
आणि पुढल्या उन्हाळ्याची तजवीज होऊन जाते.

काडेपेटीच्या काडीवर मी तो गुंडाळत गेले.
रोज दोन बोटं. जास्त ओढलं की तुटतो,
तुटला की आत सडतो, पाय जातो.
ती कानडीत मोजायची, मी मराठीत.
बावीस दिवस.
नंतर प्रबंध झाला, चारशे बारा पानांचा, दोन तक्ते उलटे छापलेले.
शिकले ते मात्र त्या ओट्यावर:
दोन बोटं, आणि थांबायचं.

औषध नव्हतं त्यावर. लस नव्हती.
होतं ते कापड.

आता जे प्रबंधात नाही ते.
आमच्याकडं समडोळीला
गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब पेल्यात पडायचा नाही.
आई दुहेरी कापडातून गाळायची,
मग ते कापड कळशीत खळबळून
कळशी दोरानं खाली सोडायची, त्याच विहिरीत,
वरून ओतायची नाही,
पाण्याला टेकली की मगच अलगद कलती करायची.
ज्याचा जीव त्याच्या घरी.

आणि मी, तिची थोरली लेक,
जीपच्या बॉनेटवर कापडांचा गठ्ठा ठेवून गावोगाव ओरडत होते:
गाळा! आणि उरलेलं तापल्या मातीवर झटका.
विहिरीत नको. विहिरीत अजिबात नको.

एकदाच विचारलं तिनं, भाकरी उलटता उलटता.
लोकांना गाळायला शिकवतीस, चांगलं करतीस.
उरलेलं कुठं टाकतात गं?
विहिरीत, मी म्हटलं.
मग बरं, ती म्हणाली,
आणि तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर ठेवली.

पायऱ्या बुजवल्या, वर कठडा आला, रहाट आला.
एका उन्हाळ्यात रजिस्टरात शून्य.
दुसऱ्यातही.
तिसऱ्या वर्षी जिल्ह्यानं जीप परत मागवली.
शाल मिळाली. नारळ मिळाला.
पुढं मी मेंढ्यांच्या यकृतातले चपटे कृमी घेतले,
अकरा वर्षं, बरे शोधनिबंध झाले,
पण ती नोकरी होती.

जिवंत नारू आता कुठल्याच विद्यार्थ्याला दाखवता येत नाही.
याचा आनंद आहे मला.
आनंदच आहे.

निवृत्तीनंतर एकदा उमदीला गेले.
शिवलिंगव्वानं ओळखलं नाही आधी,
मग घोट्यावरचा वण पुढं केला, पावती दाखवावी तसा.
चहा झाला. सुनेनं केळी आणली.
निघताना तिनं हळूच विचारलं,
माझा त्यो कुठं ठेवलाय?
मिरजेत, म्हटलं. काचेच्या बरणीत.

पाण्यात हाय न्हवं?

मला फॉर्मलीनचा वास आला, तिथं, तिच्या अंगणात.
हाय की, मी म्हटलं.