बेरीज अडतीस

नववी ब, निपाणी. पुस्तकातली सामग्री
कुठल्याशा मुलांच्या उंचीची होती, सेंटिमीटरमध्ये.
मी म्हटलं, असू दे ती उंची.
घरी विचारून या, काल किती विड्या वळल्या.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या आल्या.
एक आकडा लेबलाच्या पाठीवर होता,
दोन चिठ्ठ्या उघडल्यावर मला शिंक आली.
मल्लव्वानं कन्नडात लिहिलं होतं, साविर,
आणि खाली, माझी कीव येऊन, एक हजार.

६४०, ८१५, ५६०, ९५५, ८३७, ७१०...
सुपात नुसती ओतलेली पानं.
वर्ग पाडायला मला शिकवावं लागलं नाही,
लहान पान, मोठं पान, फाटकं पान,
हे यांचे हात बालवाडीपासून करतात.
पाचशे ते सहाशे, सहाशे ते सातशे,
अशा ओळी मी आखल्या आणि पोरांनी खुणा ओढल्या:
चार उभ्या काड्या, पाचवी आडवी.
"दोरा बांधला," मागून कुणीतरी म्हणालं.
पाच दोरे झाले की एक जुडी. खरंच होतं.

शिरीन नदाफ उठली.
"मॅडम, आठशे दोन्हीकडं लिवलंय. मम्मी कुठं बसायची?"
सीमेवरच्या आकड्याचं काय करायचं
हे पुस्तकात एका ओळीत आहे.
या गावात ती ओळ मी दर वर्षी जरा भरभर वाचते.
वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, मी म्हटलं,
तुझी मम्मी पुढच्या वर्गात.
"पुढच्या," तिनं सगळ्या बाकाला सांगितलं.

सकाळी प्रार्थनेआधीच ती दारात.
"खोडून टाका. तेवीस छाटल्या कारखान्यात.
सातशे सत्त्याहत्तर."
मी विचारलं होतं, वळल्या किती. घेतल्या किती, ते नाही.
"पैसे तेवढ्याचेच येतात की मॅडम."
हातात डस्टर होतं.
मी खूण पुसली नाही.
बरोबर केलं का, अजून ठरत नाही.

मग वर्गमध्य.
आठशे ते नऊशेचा आठशे पन्नास.
अकरा जणी त्या वर्गात, आता प्रत्येकीच्या नावे आठशे पन्नास,
आणि तेवढ्या वळलेली त्यात एकही नाही.
पोरं मान खाली घालून हिशेब करत होती.
"माझ्या आईला तेरा फुकट मिळाल्या," सुशांत म्हणाला.
हशा झाला. मीही हसले.
ज्यांच्या गेल्या, त्यांनी सांगितलं नाही.

वारंवारतेची बेरीज केली. सदतीस.
हजेरीपटावर अडतीस.
पुन्हा केली, खालून वर.
सदतीस.

"कुणी चिठ्ठी दिली नाही?"
पंखा फिरत होता. मग बसवंत कुरणे,
उठला नाही, अर्धवट झाला.
"आमच्यात आई न्हाई वळत. बाबा वळतात.
साखर कारखान्यात हात गेला न्हवं डावा.
दोरा दातानं धरतात."
किती?
"साठ. धरू नका मॅडम, अजून शिकायलेत."

माझी सारणी पाचशेपासून सुरू होत होती.
सुटसुटीत, सहा वर्ग, परीक्षेला असते तशी.
साठला जागा करायची तर वर पाच ओळी हव्यात,
त्यातल्या चार नुसत्या रिकाम्या.
फळ्यावर वर जागाच नव्हती.
मी शीर्षक पुसलं, तारीख पुसली,
कुणीतरी लिहिलेला सुविचारही पुसला.
शून्य ते शंभर.
शंभर ते दोनशे, शून्य. दोनशे ते तीनशे, शून्य.
पोरं वहीत पान उलटून पुन्हा आखू लागली,
एकानंही कुरकुर केली नाही, हे लिहून ठेवते,
कारण एरवी करतात.

खडू मी बसवंतला दिला.
त्यानं काडी ओढली,
पहिल्याच ओळीत, जरा तिरकी,
आणि खाली बघत जागेवर गेला.