राक्षसाला दार वाजवू द्या

सिनिक्का म्हणते, दात नकोत.
दात सगळ्यांचे काढून झालेत.
ओउलूत दुपारी तीनला अंधार पडतो,
तोप्पिला बंदराच्या जुन्या गोदामात
आम्ही चौघं एका हीटरभोवती
राक्षस शिजवत बसलेलो.

ओइवा फळ्यावर लिहितो: कुठून येतो?
समुद्रातून, मी म्हणालो. पुसलं.
प्रयोगशाळेतून. तिघंही हसले.
शेवटी तुइस्कूनं खिशातून काढलं
बर्चच्या सालीसकट दगडफूल,
आणि टेबलावर ठेवलं, उसने पैसे परत करावेत तसं.
"हे एक नाहीये," ती म्हणाली. "दोघांचं बिऱ्हाड आहे.
बुरशी भिंती घालते, शेवाळ चूल पेटवतं.
आता सांगा, लागण कुणाची कुणाला?"

मग दोन आठवडे नुसती जमीन.
नदीच्या वरच्या अंगाला डांबराच्या भट्ट्यांचं गाव,
तीनशे बारा माणसं, एक पूल, दोन सौना,
एक डॉक्टर, तीही रजेवर.
चावणं नाही, ओरबाडणं नाही.
एका बाकावर मांडीला मांडी लावून वाफ घेतली
की झालं.
पहिल्या रात्री कानामागे राखाडी झालर,
दुसऱ्या रात्री भूक जाते,
तिसऱ्या रात्री माणूस उन्हाकडे तोंड करून उभा राहतो
आणि नोव्हेंबरात ऊन कुठलं?
म्हणून ते येतात खिडक्यांशी.
दिवा लावलात तर दोन फासे.
विझवलात तर चार,
कारण मग कोण कुठे आहे ते तुम्हालाही दिसत नाही.

सातवा नियम माझा:
बाधलेला माणूस स्वतःच्याच घराचं दार
आधी वाजवतो.
का, असं ओइवानं विचारलं. गणितात बसत नव्हतं.
मी म्हटलं, भीती वाटते म्हणून. खेळणाऱ्याला.
हे सांगितलं नाही की मी नऊ वर्षांचा असताना
आई अडीच महिन्यांनी इस्पितळातून आली,
मास्क लावून पायरीवर उभी राहिली,
किल्ली हातात,
आणि दार वाजवलं.
मी उघडायला जरा वेळ लावला होता.

पहिली चाचणी ग्रंथालयाच्या तळघरात.
तीन मुलं, सरबत, पुठ्ठ्याचं गाव.
अकराव्या फेरीला एमेलीच्या दारावर टकटक.
त्याच्या पटावरचा बाप, कानामागे राखाडी.
बंदुकीचं कार्ड त्याच्या हातात होतंच.
ते उपडं ठेवून तो म्हणाला,
"मी दिवा बाहेर ठेवू शकतो का? पायरीवर?"

ओइवानं नियमांची वही चाळली.
पुन्हा चाळली.
सिनिक्का पेन चावत बसली.
दिवा बाहेर गेला तर सगळे तिकडेच जमतील,
कुणी मरणार नाही, फेरी संपेल,
खेळ संपणारच नाही.
मोडला, ती पुटपुटली. सहा महिन्यांचं काम.
"पण घरात अंधार होईल," तुइस्कू म्हणाली.
"मग चार फासे," एमेली म्हणाला,
आणि हात पुढे केला.

फासे अजून टेबलावर गडगडत होते
तेवढ्यात वरच्या दारावर टकटक झाली.
ग्रंथपाल असणार. बंद करायची वेळ.
आम्ही सातही जण जागच्या जागी.

मी उठलो.
या खेपेला वेळ लावला नाही.