अर्धी पट्टी

साखर पेठेतल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलात
मी सहा वर्षं गोळ्या विकल्या.
बारावी नापास, अक्षर बरं, हिशेब तोंडी,
एवढ्यावर मालकानं पांढरा कोट दिला.
खांद्यात सैल होता.
लोक त्या कोटालाच डॉक्टर म्हणायचे.

अंबव्वा येमूल यायची दिवेलागणीला,
कारखान्यात हजार विड्या मोजून देऊन,
बोटांना तंबाखूचा वास,
पदराच्या गाठीत दहाची नोट.
"डॉक्टर, ते गुलाबी दे की. मान धरलीय.
दोन दे. नको, चार दे, उद्या सुट्टी नाय."

किती दिवस दुखतंय, मी विचारलं नाही.
ती सांगत बसली असती
आणि मागं पाच माणसं उभी होती.

तिच्याकडं कात्री होती, माझ्याकडंही.
ती ओल्या पानावर लोखंडी फर्मा ठेवून
शिरेच्या कडेकडेनं कापायची,
पान फुकट जाऊ नये म्हणून.
मी पट्टी कापायचो घाईत, आडवी,
गोळीचं अर्धं नाव तिच्या पदरात,
अर्धं माझ्या डब्यात.
तारीख तर बहुतेक वेळा माझ्याकडंच राहायची.

मानेसाठी गुलाबी.
मग पोटात जळजळ, त्याला पांढरी.
मग पाय सुजले.
"बसून बसून येते सूज."
हे मी म्हणालो. दुसरं कुणी नाही.
आणि लघवी सुटायची एक बारकी गोळी
वरून मीच दिली, पैसे न घेता.

तिला गुण आला म्हणून बालमणीनं नेली,
बालमणीकडून तिच्या जावयानं,
संक्रांतीच्या तिळगुळासारखी
गल्लीत फिरली ती गोळी.

एप्रिलात पत्रा तापायचा.
चव्वेचाळीसच्या उन्हात, मांडीवर सूप,
अंबव्वा पाणी प्यायचीच नाही.
पाणी प्यालं की उठावं लागतं,
उठलं की शंभरभर विड्या मागं पडतात.
हे मला नंतर कळलं.
कळायला एक प्रश्न पुरला असता.

मे महिन्यात तिचा मुलगा आला, श्रीनिवास,
लूमवरून तसाच, केसात सुताची पिंज.
शेंगाचटणीचा रिकामा डबा काउंटरवर उपडा केला.
पट्ट्यांचे तुकडे. नुसते तुकडे.
"सिव्हिलात विचारतेत, काय खात होती आई?
ह्याच्यावर अर्धंच हाय.
उरलेलं तुमच्याकडं असेल की."

मला जुळवायची गरज नव्हती.
नाव मला झोपेतही पाठ होतं.
तरी मी माझा डबा काढला
आणि तुकड्याला तुकडा लावत बसलो,
हा नाही, हा नाही,
कारण मान वर केली असती
तर तो समोर होता.

शेवटी एका कागदावर लिहून दिलं.
माझं अक्षर बरं होतं ना.

आता आठवड्यातनं दोनदा तिला मशीनवर घेतात.
मी बघायला गेलो, मोसंबी घेऊन.
मोसंबी चालत नाही म्हणाली नर्स,
तीही मी न विचारताच आणलेली.
अंबव्वा हसली. हाताला सुई,
हात हलवायचा नाही,
पण दुसऱ्या हाताची बोटं चादरीचा काठ
आपोआप वळत होती, विडीसारखा.

"कारखान्यात चेकर असतो बघ," म्हणाली,
"वाकडी दिसली की बाजूला टाकतो. छाट.
तिचे पैसे नाय, तिचं काय नाय.
माझ्या दोन होत्या.
दोन्ही छाटीत गेल्या."

मी खाली बघत उभा.
कोट मी तेव्हा सोडला होता,
अंगात साधा चौकड्याचा शर्ट.
निघताना तिनं हाक मारली
सवयीनं:
"डॉक्टर, मोसंबी घेऊन जा की. वाया जाईल."

वॉर्डातल्या दोघींनी मान वळवून बघितलं,
एक उठून बसली, काहीतरी विचारायला.

मी तेव्हाही दुरुस्त केलं नाही.