सातला आडवी रेघ

वर्ना स्टुट्झमन आली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.
एल्खार्टला नदीकाठी अजून मळकं बर्फ होतं.
बासरी लोकरी मोज्यात. पेटीची कडी तुटली म्हणे.
"कुणी बनवली, तेवढं सांगा, मिस्टर व्होद्राझ्का.
विकायची नाही. म्हणजे, ठरलं नाही अजून."

भिंग लावलं.
नळीवर कोरलंय: क्रॅनमर अँड डॉटर, टोलेडो.
खोटं नाही. खरंही नाही.
क्रॅनमर दुकानदार. शिवणयंत्रं विकायचा, पियानोपुढची स्टुलं,
आणि डझनावारी बासऱ्या मागवून
त्यांवर आपलं नाव ठोकून घ्यायचा.
लेकरू दुसऱ्याचं, बारसं याच्या दारात.

क्रमांक पाच आकडी. त्यातला तीन किंचित कललेला.
कुठल्या वहीत शोधायचा? वह्या रद्दीत गेल्या,
कारखान्याच्या जागी आता टायरचं गोदाम आहे.

मग मी नाव सोडलं, हात शोधू लागलो.
छिद्रांच्या कडा नळीतूनच ओढून काढलेल्या,
झाळणाचा थेंब कुठे नाही.
ओठांखालची पट्टी मात्र हातानं घासलेली,
डावीकडे केसभर जास्त.
शनिवारची संध्याकाळ असेल.

चांदी नावापुरती, कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
डाव्या तर्जनीच्या बुडाशी तीही झिजलीय,
खालचं पितळ वाटाण्याएवढं उघडं.
"ही आईची जागा," म्हणत वर्नानं बोट टेकवलं.
मग थांबली.
"नाही. आईचा हात लहान होता. तिचं बोट
इथवर पोचायचंच नाही."
आम्ही दोघं त्या वाटाण्याकडे बघत राहिलो.

अंगठ्याची चावी उतरवली तेव्हा
तिच्या पोटाशी सुईनं ओरखडलेलं सापडलं:
एक सात. सातला मधोमध आडवी रेघ.
इथली माणसं सातला रेघ देत नाहीत.
बोटीतून आलेली द्यायची.
माझा आजा द्यायचा. दुधाच्या हिशेबात, कॅलेंडरवर,
कारखान्याच्या हजेरीतही देत असणार.

ते मी बोललो नाही.
रेघ देणारे या गावात तेव्हा शंभर तरी असतील.

"कर्ता माहीत नाही," मी म्हणालो. "पण इथलाच.
नदीच्या या बाजूचा."
तिनं मान हलवली, बासरी पुन्हा मोज्यात घातली,
टाचेकडून.

पावती फाडली. तपासणी, सतरा डॉलर.
ती गेल्यावर कार्बनप्रतीवर पाहिलं:
रेघ होती.