रापानाचं कूळ

किटेनच्या धक्क्यावर स्तामेन पाण्याबाहेर येतो
तेव्हा सूर्य डोलकाठीच्या उंचीवर असतो
आणि त्याचे ओठ जांभळे.
जाळीच्या पोत्यात साठ किलो शंख,
मुठीएवढे, तोंडाशी आतून नारिंगी.
"रापाना," तो म्हणतो,
शिवी देतात तसं नाही,
मालकाचं नाव घेतात तसं, खालच्या आवाजात.

रादोस्वेता त्यातले वीस मोजून घेते.
पायाचा नखाएवढा तुकडा,
अल्कोहोलची नळी,
वर पेन्सिलीनं जागा, तारीख, खोली.
शाईनं लिहायचं नाही.
पहिल्या वर्षी तिच्या चाळीस नळ्या
एका रात्रीत निनावी झाल्या होत्या.

गोगलगाय नि पोटात पाय, आपण म्हणतो.
प्राणिशास्त्रानंही ह्या अख्ख्या वर्गाचं नाव तेच ठेवलंय,
फक्त त्यात टोमणा नाही.
तो पाय काळ्या शिंपल्याला वेढून बसतो
घाई न करता.
शिंपल्याला कधीतरी श्वास घ्यावाच लागतो.
स्तामेनचे आजोबा सांगायचे, तळ काळाभोर होता,
अनवाणी उतरलं तर टाचा कापायच्या.
आता खाली वाळू
आणि रिकाम्या शिंपा, उताण्या,
जेवण आटोपून उठलेल्या पंगतीसारख्या.

हिवाळ्यात पडद्यावर रांगेनं अक्षरं उमटतात
ए टी टी जी सी ए
वार्नाचा शंख, बुर्गासचा, पलीकडच्या तुर्की किनाऱ्याचा,
एड्रियाटिकहून कुणी पोस्टानं धाडलेला,
अमेरिकेतल्या एका खाडीतला:
ए टी टी जी सी ए
तिला वाटलं, नळ्यांची सरमिसळ झाली.
पुन्हा काढलं. तेच.
आणि कोरियातल्या एकाच बंदरातल्या
तीस शंखांत एकवीस घराणी.

म्हणजे एक आई.
किंवा एका आईच्या मोजक्या लेकी.
जहाजाच्या पोटातल्या पाण्यातून,
नाहीतर बुडाला चिकटलेल्या पिवळ्या अंड्यांच्या झुपक्यातून,
महायुद्धाच्या आगेमागे कधीतरी.
उतरताना कुणी पाहिलं नाही.
पुस्तकाप्रमाणे असं कूळ टिकायला नको,
एका साच्याचं, पहिल्या साथीत सपाट.
साठ किलो. रोज. एकट्या स्तामेनचे.

कारखान्यात त्सोन्का वाफेत उभी असते,
आकडीनं मांस ओढते, एका हिसड्यात.
खोके भरतात, गोठतात, वर कोरियन अक्षरं.
इतक्या पिढ्यांनी माहेरी,
उणे वीस अंशांवर.

"काय सापडलं गं तुला?"
"सगळ्यांची आई एकच."
"आणि बाप?"

रादोस्वेता हातमोजे काढते, पुन्हा घालते.
तिनं वाचला तो धागा फक्त आयांकडून येतो,
बापाबद्दल चकार शब्द काढत नाही.
आणि मादी कित्येकांचं बीज
महिनोन्‌महिने साठवून ठेवते आत.
एकटी आलेली
एकटीच आली असेल असं नाही.

त्सोन्का हसते. एक सोन्याचा दात.
तिची पणजी थ्रेसमधून सीमा ओलांडून आली
तांब्याचं भांडं आणि सातवा महिना घेऊन.
आज अर्धी गल्ली तिची.
बापाचं कुणी विचारलं की म्हणायची,
चूल विझतेय, लाकडं आण.
नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये,
हे आपल्याकडचं शहाणपण तिला कुणी शिकवलं नव्हतं.
त्सोन्काला पगार किलोवर मिळतो.
ती पुढचा शंख उचलते.

रादोस्वेता वहीत नवा रकाना आखते,
वर लिहिते: बाप.
पेन्सिलीनं.